तपकीर गल्लीतील दोन सुया

पुण्यास मार्केट यार्डात माल घेऊन येणारे आपले शेतकरी सवड काढून दगडूशेठ गणपतीचे दर्शन घेतात आणि गावाकडे परततात. त्याच परिसरात, बुधवार पेठेत, शेतकऱ्याने एकदा तरी पाहावी अशी आणखी एक जागा आहे. तिचे नाव तपकीर गल्ली. नावात तपकीर असली तरी आज तेथे वायरी, बटने, दिवे, स्पीकर आणि विजेचे नाना सुटे भाग मिळतात. स्वारगेटला एस.टी.तून उतरावे. सप्टेंबर २०२४ पासून तेथून भुयारी मेट्रोही धावते. तिने मंडईला उतरून पुढे चालत जावे. तांबडी जोगेश्वरी विचारली की कोणीही वाट दाखवील.

गल्ली अरुंद, गर्दी फार. हातगाडी आली की माणसाने दुकानाच्या पायरीवर चढायचे. दुकाने लहान, पण भिंतीवर छतापर्यंत खोकी रचलेली. गिऱ्हाइकाने जुना भाग हातावर ठेवायचा, दुकानदाराने तो एकदा उलटसुलट पाहायचा आणि नेमका तसाच जोडीदार खोक्यातून काढून द्यायचा, अशी येथली रीत.

आम्ही गेलो ते एका अडचणीमुळे. माझ्या सर्कलमधील एका शेतकऱ्याच्या मोटरचा ऑटो स्टार्टर बटन दाबूनही चालू होईना. गहू पेरून पंधरा दिवस झालेले. अठरा ते एकवीस दिवसांत गव्हाला मुकुटमुळे फुटतात. त्या वेळचे पाणी चुकले तर फुटवे कमी येतात आणि पुढे कितीही पाणी दिले तरी ती तूट भरून निघत नाही. तालुक्याच्या एका दुकानात, "बोर्डच बदला," एवढेच उत्तर मिळाले होते. तेवढे पैसे त्या वेळी घरात नव्हते. म्हणून स्टार्टरमधील बोर्ड सुटा करून, फडक्यात गुंडाळून ते माझ्याबरोबर पुण्याला आले.

गल्लीतील एका माडीवर दुरुस्ती करणारे वयस्कर गृहस्थ भेटले. त्यांनी मोठे यंत्र काढले नाही. दोन वायरी, दोन शिवणाच्या सुया आणि एक लाल दिवा, एवढ्यावर त्यांनी बोर्ड तपासायला घेतला.

"काका, एवढ्यानं कळतं?" आमच्या शेतकऱ्यांनी विचारले.

"अहो, बटनाला विचारायचं तरी काय असतं? दाबलं की जोडतोस का, आणि सोडलं की तोडतोस का. त्याला एवढं पुरे."

हे साधन घरी सहज होते. दीड व्होल्टचे दोन सेल एकापुढे एक ठेवावेत. पुढच्या सेलच्या टोपीकडून, म्हणजे अधिक टोकाकडून, वायर काढून तिला १०० ओहमचा रेझिस्टर जोडावा. त्यापुढे लाल एलईडीचा लांब पाय जोडावा. आखूड पायाला वायर व वायरीला एक सुई. दुसरी वायर सेलच्या बुडाकडून थेट दुसऱ्या सुईला. सुया रिकाम्या बॉलपेनच्या नळीत बसवाव्यात, म्हणजे हातात धरता येतात. दोन्ही सुया एकमेकींना टेकवताच दिवा लागला की साधन तयार. टॉर्चचा बल्ब मात्र लावू नये. तो प्रवाह फार ओढतो आणि बोर्डावरचे नाजूक बटन तेवढा सोसत नाही.

तपासण्याची रीत अशी. बोर्डावरच्या लहान चौकोनी बटनाला बहुधा चार पाय असतात आणि त्यांतील दोन-दोन आतूनच जोडलेले असतात. भलतीच जोडी धरली तर बटन न दाबताही दिवा लागतो आणि आपण फसतो. म्हणून नेहमी तिरपे, कोपऱ्यासमोरच्या कोपऱ्यातले दोन पाय धरावेत. न दाबता दिवा बंद, दाबल्यावर चालू, सोडल्यावर पुन्हा बंद, असे झाले की बटन चांगले. वीस वेळा दाबून पाहावे. मध्येच दिवा लुकलुकला तर आत ओल, धूळ किंवा गंज शिरला आहे असे समजावे. न दाबताही दिवा जळत राहिला तर लगेच बटनाला दोष देऊ नये. बोर्डावरील दुसऱ्या वाटेनेही प्रवाह जात असेल. डाख वितळवून बटन बाहेर काढावे आणि पुन्हा तपासावे. सरकत्या, तीन पायांच्या बटनात बहुधा मधला पाय सामाईक असतो. तो धरून दोन्ही बाजू पाहाव्यात.

आमच्या बोर्डावर दिवा लागलाच नाही. दोष होता तो चालू करण्याच्या बटनात. नवे बटन अगदी थोड्या पैशांत मिळाले. मात्र या बटनांची उंची वेगवेगळी असते, म्हणून जुने नमुन्याला न्यावे. काकांनी तेथेच डाख दिला, आणि गव्हाला विसाव्या दिवशी पाणी मिळाले.

आता सर्वांत महत्त्वाचे. ही तपासणी फक्त सुट्या, वीज तोडलेल्या बोर्डावरच करावी. मेन स्विच पाडून, फ्यूज काढून, खात्री झाल्यावरच पेटी उघडावी. पेटीतील कपॅसिटर वीज गेल्यावरही काही काळ भरलेला राहतो; त्याला हात लावू नये. बोर्ड सोडवणे व पुन्हा बसवणे जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे. मोटरच्या विजेशी खेळ नको. जिवापुढे गव्हाची किंमत काही नाही.

घरातील शाळकरी मुलामुलींकडून हे साधन अवश्य करून घ्यावे. बॅटरीवरच्या फवारणी पंपाचे बटनही, बॅटरीची तार सोडवून, त्याच दोन सुयांनी तपासता येते. दोष कोठे आहे हे घरीच कळले, तर दुकानात गेल्यावर काय मागायचे आणि कशाला नको म्हणायचे हेही कळते.