तब्येत झाली

आमच्या रावेरात ‘तब्येत’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. ‘तब्येत बरी नाही’ म्हणजे माणूस आजारी आहे. ‘तब्येत झाली’ म्हणजे माणूस जाड झालाय, आणि हे कौतुक आहे. पुण्यात वजन वाढलं की लोक जिमचा पत्ता देतात, आमच्याकडे पगार वाढला असं समजतात. ज्यांनी केळीचे पडलेले भाव आणि मे-जूनच्या वादळात झोपलेल्या बागा पाहिल्यात, त्यांना भरलेला माणूस बघून बरं वाटतं. त्यात चूक काही नाही.

माझी तब्येत चौदा महिन्यांत झाली. ६३ किलोवरून ७५. गावी गेलो की गल्लीच्या तोंडापासून सुरुवात व्हायची, “काय भाऊ, पुण्याचं पानी मानवलं तुले!” मी हसायचो. पाणी नव्हतं ते. रात्री झोपताना घ्यायची १५ मिलिग्रॅमची एक गोळी होती, आणि ती कशाची आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

आधीचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असेल. हिंजवडी, ऑन-कॉल, रात्री तीनला वाजणारा फोन. मग फोन वाजला नाही तरी तीनला जाग. मग जेवण नको, मग आंघोळ नको, मग रविवारी दुपारी फ्लॅटच्या बाल्कनीत उभं राहून खाली बघत बसणं. रूममेटने हात धरून मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. जानेवारी २०२३ मध्ये एसिटॅलोप्रॅम सुरू झालं, १० मिलिग्रॅम. झोप येईना म्हणून मार्चमध्ये रात्रीसाठी मिर्टाझापिन जोडलं. दोन्हींनी काम केलं. हे आधी आणि ठळक सांगतो, कारण पुढचं वाचून कुणी गोळ्यांना शिव्या घालायला हा लेख वापरू नये. मी आज हे लिहितोय, यात त्या गोळ्यांचा हात आहे.

पण भूक! ती भूक शब्दांत सांगणं अवघड आहे. साडेदहाला गोळी घेतली की अकराच्या सुमाराला पोटात नाही, डोक्यात भूक लागायची. मम्मीने पाठवलेला डबा समोर असायचा: केळीचे वेफर्स, बिबडे, शेव, उडदाचे पापड. झोपेने डोळे मिटत असताना हात डब्यात. सकाळी उठून बघायचं तर अर्धा डबा रिकामा. पूर्वी महिनाभर पुरणारा डबा बारा दिवसांत संपायला लागला, आणि तिकडे मम्मी खूश, की पोरगा खातोय. तिने डब्याचा आकार वाढवला.

यामागचं कारण साधं आहे. मिर्टाझापिन मेंदूतल्या हिस्टामिनच्या एका रिसेप्टरला घट्ट अडवतं. सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी झोप येते, तीही याच दारातून. त्या दाराने झोप आत येते आणि तिच्यामागून भूक. ज्या गुणासाठी मला ती गोळी दिली होती, तोच तिचा अवगुण होता. डॉक्टरांनी सुरुवातीलाच ‘वजनाकडे लक्ष ठेवा’ असं म्हटलं होतं, पण झोपच नसलेल्या माणसाला वजनाची भीती कितीशी वाटणार?

सगळ्या गोळ्या अशा नसतात. ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये २०२४ साली अमेरिकेतल्या सुमारे १ लाख ८३ हजार लोकांच्या नोंदींवरून आठ औषधांची तुलना छापून आली. सहा महिन्यांनंतर सर्ट्रालिन घेणाऱ्यांपेक्षा एसिटॅलोप्रॅम घेणाऱ्यांचं वजन सरासरी जेमतेम ०.४ किलो जास्त होतं, आणि ब्युप्रोपिऑनवाल्यांचं सगळ्यात कमी वाढलं होतं. त्या आठात मिर्टाझापिन नव्हतं. ‘बीएमजे’त २०१८ साली आलेल्या ब्रिटनच्या सुमारे तीन लाख लोकांच्या अभ्यासात मात्र ते होतं, आणि वजनाशी सगळ्यात जास्त जोडलेल्या नावांत होतं. ०.४ किलो हा आकडा वाचून मी हसलो होतो. सरासरी माणूस पँट घालत नाही. माझ्या कमरेच्या दोन साइझ बदलल्या होत्या.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे धरायला हवी. आजारात माझं वजन उतरलं होतं. नोकरीला लागलो तेव्हा मी ६८ होतो. म्हणजे बारातले पाच किलो हे बरं होण्याचे आणि सात गोळीचे, असा माझा हिशोब. डॉक्टर म्हणाले, इतका स्वच्छ हिशोब शरीरात नसतो. असेल. मला तो लागतो.

गोष्ट वजनावरच थांबली असती तर मी शिवण उसवून पँटी सैल केल्या असत्या. पण २०२४ च्या उन्हाळ्यात घरात बायोडाटा तयार झाला. आमच्याकडे सोयरीक जुळवताना चौकशी खोलवर होते. शेती किती, ठिबक आहे का, भाऊ किती, कुणाला साखर आहे का. ‘पोराला काही गोळ्या-बिळ्या चालू नाहीत ना?’ हा प्रश्न समोर न विचारता मेडिकलवाल्याकडे विचारतात. मला बरं वाटून वर्ष उलटून गेलं होतं. डॉक्टरांना विचारलं, त्यांनाही बंद करायला हरकत वाटली नाही. आधी मिर्टाझापिन गेलं, दीड महिन्यात, फारसा त्रास न होता. दोन-चार रात्री झोप उडाली, भूक मात्र नळ बंद केल्यासारखी थांबली. मग एसिटॅलोप्रॅम: दोन आठवडे ५ मिलिग्रॅम, नंतर बंद. कागदावर लिहिलं होतं तसंच केलं. शेवटची गोळी घेऊन दिवाळीला गावी आलो.

चौथ्या दिवशी पप्पांबरोबर मळ्यात गेलो होतो. कटाई चालू होती, मजूर घड डोक्यावरून आणून ट्रकजवळ रचत होते. कुणीतरी हाक मारली म्हणून मी झटकन नजर वळवली आणि डोक्यात शॉक बसला. ओल्या हाताने मोटारीच्या स्टार्टरला हात लागल्यावर बसतो तसा, पण बारीक, आणि कवटीच्या आत. पुन्हा नजर फिरवली, पुन्हा. डावीकडे बघितलं की एक, उजवीकडे बघितलं की एक. पप्पा वजनकाट्याचा आकडा वाचायला सांगत होते आणि मला आकडे हलताना दिसत होते. ऊन लागलं म्हणून सावलीला बसलो.

पुढचे आठ दिवस तसेच गेले. मोटारसायकलवर तोल जाईल असं वाटायचं. मळमळ. पहाटे इतकी स्पष्ट स्वप्नं की उठल्यावर खरं काय ते ठरवायला वेळ लागायचा. भाऊबीजेला बहिणीने ओवाळलं आणि मी रडलो. सगळ्यांना वाटलं, हळवा झालाय. मला सगळ्यात जास्त भीती शॉकची नव्हती, ‘तो’ परत आलाय याची होती. म्हणजे ती बाल्कनी.

तसं नव्हतं, आणि हा फरक माहीत असणं फार महत्त्वाचं आहे. आजार परत येतो तो सहसा आठवड्या-महिन्यांनी, हळूहळू. गोळी सुटल्याचा त्रास बहुतेक वेळा काही दिवसांत येतो, आणि सोबत अशा गोष्टी आणतो ज्या मूळ आजारात नव्हत्याच. मला नैराश्यात कधीही शॉक बसले नव्हते. एसिटॅलोप्रॅमची रक्तातली पातळी साधारण सव्वा दिवसात निम्मी होते. साधारण सहा दिवसांत जवळपास साफ. व्हेनलाफॅक्सिन त्याहून कितीतरी लवकर उतरतं, म्हणून ते सोडणं जास्त त्रासाचं समजतात. फ्लुऑक्सेटिनचा शरीरात तयार होणारा अंश कित्येक आठवडे रेंगाळतो, त्यामुळे ते स्वतःच सावकाश उतरतं.

मग ५ वरून शून्य ही उडी मोठी कशी? दिसायला तर १० वरून ५ एवढीच आहे. इथे मला माझ्या कामाच्या भाषेतला एक ग्राफ भेटला. मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१९ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त मांडलं की डोस आणि मेंदूवरचा परिणाम यांची रेषा सरळ नाही. सुरुवातीला ती उभी चढते आणि मग सपाट होत जाते. म्हणजे १० चं ५ केलं तर परिणाम निम्मा होत नाही, थोडासाच कमी होतो. खरा उतार अगदी शेवटच्या काही मिलिग्रॅममध्ये असतो. मी ५ वर थांबलो होतो ते डोंगराच्या पायथ्याशी नाही, कड्याच्या टोकाशी. म्हणून शेवटचे टप्पे जास्त बारीक आणि जास्त सावकाश हवेत, असं ते म्हणतात. हॉरोविट्झ स्वतः अशी औषधं सोडताना होरपळलेले डॉक्टर आहेत.

सगळ्यांना असं होतं का? नाही. २०२४ मध्ये त्याच नियतकालिकात ७९ अभ्यास एकत्र करून बघितले गेले. गोळी सोडणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांना काही ना काही त्रास झाला. पण खोटी गोळी सोडणाऱ्यांपैकीही १७ टक्क्यांना झाला! म्हणजे औषधामुळे म्हणता येईल असा त्रास सहा-सात जणांत एकाला. तीव्र त्रास साधारण पस्तिसात एकाला. यावर वाद आहे, कारण त्यातल्या बऱ्याच अभ्यासांत लोकांनी गोळ्या थोडेच महिने घेतल्या होत्या. मला दोन्ही बाजू पटतात. घाबरून गोळी सुरूच न करणं जितकं वाईट, तितकंच ‘दोन आठवड्यांत सुटते’ असं सरसकट सांगणं.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि ५ परत सुरू करायला सांगितलं, प्रिस्क्रिप्शन व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. आता ते घेऊन मेडिकलवर जायचं होतं. रावेरच्या मेडिकलवर, जिथले काका पप्पांना अरे-तुरे करतात. बऱ्हाणपूर जवळ आहे, तिथे कुणी ओळखत नाही, हा विचार आला. पण डोक्यात शॉक बसत असताना मोटारसायकल कशी चालवणार? गेलो. काकांनी मोबाइलवरचं नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं.

“कोनाले रे?”

“मलाच.”

त्यांनी पट्टी कापून दिली आणि म्हणाले, “जेवून घेजो.” एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शॉक निम्मे झाले, चौथ्या दिवशी गेले.

घरी सांगणं आता भाग होतं, कारण काका गप्प बसतील याची खात्री नव्हती. मम्मी ओट्यावर भरितासाठी वांगी निवडत होती. मी पट्टी समोर ठेवली आणि सगळं सांगितलं, बाल्कनी सोडून. तिने पहिला प्रश्न विचारला तो मला कुणी डॉक्टरनेही विचारला नव्हता.

“याची सवय तर नाही ना लागत?”

हो म्हणू की नाही? व्यसन लागत नाही. मला ही गोळी दोनदा घ्यावीशी कधी वाटली नाही, तिच्यासाठी मी कधी खोटं बोलून पैसे उडवले नाहीत. पण शरीराला सवय होते, हेही खरं. मराठीत आपण दोन्हीला सवयच म्हणतो, त्यामुळे एक प्रश्न विचारला की दुसऱ्याचं उत्तर मिळतं. मी तिला म्हटलं, “तुझी बीपीची गोळी आहे ना, ती एकदम बंद करू नको असं डॉक्टरांनी बजावलंय की नाही?” ती म्हणाली, “हो, एकदम बंद केली तं धडधड होते.” “मग तसंच.” तिने जरा विचार केला आणि म्हणाली, “मग इतके दिवस मले काऊन नाही सांगितलं?” यावर मी काही बोललो नाही. वांगी निवडू लागलो.

पप्पांनी काहीच विचारलं नाही. पण तेव्हापासून रोज रात्री फोनवर लाईट किती तास होती, माल काय भावाने गेला हे सांगून झालं की विचारतात, “गोळी घेतली का?” त्यांच्या आवाजात या तिन्ही गोष्टी एकाच वजनाच्या असतात.

आपल्याकडे ‘कासव’सारखा सिनेमा झाला, त्याला राष्ट्रीय पुरस्कारात सुवर्णकमळ मिळालं, दीपिका पदुकोण २०१५ मध्ये उघडपणे बोलली, आणि १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर आता फुकट, मराठीतही बोलता येतं. गोळी सुरू करण्याबद्दल बोलणं त्यामानाने सोपं झालंय. ती घेत राहण्याबद्दल आणि सोडण्याबद्दल अजून कुजबुजच चालते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने दाखवलं होतं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. रावेरहून जळगावला जायचं म्हणजे सावदा, फैजपूर, भुसावळ करत अर्धा दिवस. जो इतकं करून गोळी सुरू करतो, त्याने ती सोडताना कुणाला विचारायचं?

मी सध्या २.५ वर आहे, पाचच्या गोळीचा अर्धा. चारशे रुपयांचा पिल कटर घेतलाय. तुकडे कधी सारखे होत नाहीत, भुगा पडतो, तोही बोटाने टिपून घेतो. पुढच्या महिन्यात १.२५. डॉक्टर या वेळी घाई करत नाहीत, मीही नाही. वजन ७१ आहे. गल्लीतले लोक म्हणतात, “वाळला रे, काम जास्त आहे का?”

रविवारी सावद्याहून पाहुणे येणार आहेत. मम्मीचं म्हणणं, विषय काढायचा नाही, पुढे बघू. पप्पांचं म्हणणं, आधीच सांगून टाकायचं, नंतर कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. दोघांची आठवडाभर बोलाचाली चालू आहे. मुलीचा नंबर बायोडाटावर नव्हता, तिने मात्र माझा काढला होता. बुधवारी तिच्याशी तासभर बोललो आणि सगळं सांगून झालंय, बाल्कनीसकट. हे मम्मी-पप्पांना अजून सांगायचंय.