हत्तीच्या कानामागचं रक्त

अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत पत्ता आकड्यांत सांगतात: ‘तीनशे पूर्व, शंभर दक्षिण’. १८४७ मध्ये इथे येऊन पोचलेल्या मॉर्मन पंथाच्या मंडळींनी गाव आखतानाच रस्ते १३२ फुटी धरले, बैलजोड्यांची गाडी जागच्या जागी वळावी म्हणून. पीर बाजारातून अंग चोरत जायची सवय असलेल्या, छत्रपती संभाजीनगरातल्या उस्मानपुऱ्याच्या माणसाला हा रस्ता ओलांडता ओलांडता दम लागतो.

पण खरं नवल पुढे होतं. गावाच्या मधोमध वंशावळींचं एक ग्रंथालय आहे. कुणीही जावं, पैसे पडत नाहीत. त्र्यंबकेश्वरी उपाध्यायांनी चोपडी उघडून पणजोबांचं नाव दाखवलं की आपण हरखतो. इथल्या मॉर्मन मंडळींनी जगभरच्या अशा नोंदी जमवल्यात. आपल्या हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा त्यांनी मायक्रोफिल्मवर उतरवून घेतल्या. पूर्वजांचा उद्धार व्हावा ही त्यामागची धर्मश्रद्धा. फायदा मात्र वैद्यकाला झाला. युटा विद्यापीठाने या वंशावळी कर्करोगाच्या नोंदींशी जोडल्या आणि कोणत्या घराण्यात कोणता रोग उतरत आला ते दिसू लागलं. स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित बीआरसीए-१ हे जनुक १९९४ मध्ये इथेच हाती लागलं.

गावाच्या पूर्वेला डोंगराच्या कुशीत हंट्समन कर्करोग संस्था आहे, आणि थोडं पुढे, एमिग्रेशन कॅन्यनच्या तोंडाशी, होगल प्राणिसंग्रहालय. तिथे क्रिस्टी आणि तिची २००९ साली जन्मलेली लेक झुरी अशा दोन आफ्रिकन हत्तिणी होत्या. मी गेलो तेव्हा त्या नव्हत्या. २०२३ मध्ये कॅन्सस सिटीला गेल्या. पण गोष्ट त्यांच्याच रक्ताची आहे.

हत्तीचा कान मोठा, आणि कानामागची शीर ठसठशीत. तपासणीसाठी तिथूनच रक्त घेतात. त्यातलंच थोडं लहान मुलांच्या कर्करोगाचे डॉक्टर जोशुआ शिफमन यांच्या प्रयोगशाळेत जाऊ लागलं. प्रश्न जुना होता. ऑक्सफर्डच्या रिचर्ड पेटो यांनी १९७७ मध्येच तो उपस्थित केला होता: जितक्या पेशी जास्त आणि आयुष्य लांब, तितका कर्करोग जास्त व्हायला हवा. मग टनावारी वजनाचा आणि साठ वर्षं जगणारा हत्ती कर्करोगाने का मरत नाही? प्राणिसंग्रहालयांच्या नोंदी तपासल्या तेव्हा कर्करोगाने मरणारे हत्ती शेकडा पाचाच्याही आत निघाले.

उत्तराचा मोठा भाग टीपी-५३ या जनुकात सापडला. माणसात ते सतराव्या गुणसूत्रावर असतं. एक प्रत आईची, एक वडिलांची. त्यापासून बनणारं प्रथिन सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखं: पेशीतला डीएनए बिघडला की आधी तिचं विभाजन अडवायचं, दुरुस्ती होते का पाहायचं, आणि होत नसेल तर पेशीला स्वतःहून मरायला लावायचं. माणसाच्या जवळजवळ निम्म्या कर्करोगांत हाच वॉचमन कामातून गेलेला असतो. आपल्याकडे असे दोन. आफ्रिकन हत्तीकडे चाळीस! चाळीसही जण सारखेच जागे असतात असं नाही, बरेचसे जुन्या प्रतीच्या नकला आहेत, पण परिणाम दिसतो. शिफमन यांच्या गटाने रक्तातल्या पेशींवर किरणांचा मारा केला. हत्तीच्या शंभरातल्या चौदा-पंधरा पेशींनी मरण पत्करलं. निरोगी माणसाच्या सातांनी. आणि ज्यांना जन्मतःच एक प्रत बिघडलेली मिळाली आहे त्यांच्या तिनांनीही नाही. हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं.

वेरूळच्या कैलासाच्या जोत्यावर देऊळ पाठीवर पेलून उभे असलेले हत्ती मी लहानपणापासून पाहत आलोय. हे कळलं त्या दिवशी त्यांच्याबद्दलचा आदर वाढला. खराब पेशीला वेळीच मरू देणं हीसुद्धा ताकदच म्हणायची.

ती जन्मतः बिघडलेली प्रत ज्या घराण्यांत असते, त्यांच्या आजाराला ली-फ्रॉमेनी म्हणतात. फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्रॉमेनी यांनी तो १९६९ मध्ये ओळखला, तेव्हा हे जनुक कुणाला ठाऊकही नव्हतं. कुणाला, कोणत्या वयात, कोणती गाठ झाली, हे घराण्याघराण्यांत तपासूनच ओळखला. जनुकाशी त्याची गाठ १९९० मध्ये पडली. आईबापांपैकी एकात बिघाड असला तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी.

आमच्या आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाडाभरातून माणसं येतात. त्यातल्या कितीजणांना आत्याला, आजोबांना, चुलतभावाला काय झालं होतं हे सांगता येईल? आपण कुळ, गोत्र, गाव पाठ म्हणतो आणि आजाराचं नाव मात्र दबक्या आवाजात घेतो. तेव्हा घरात वंशावळ लिहिली असेल तर प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी आणखी लिहा: आजार आणि तो झाला तेव्हाचं वय. एकाच घरात तरुणपणी स्तनाचा कर्करोग, लहान मुलाच्या मेंदूत किंवा हाडात गाठ, असं पुन्हा पुन्हा दिसलं तर तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात अशा कुटुंबांसाठी कर्करोग-जनुकांचा खास विभाग आहे.