बेचाळीस दिवस

‘गाठ लहान झाली आहे, तर पुढच्या इंजेक्शनची आवश्यकता काय?’ मेडिक्लेमवाल्यांच्या क्वेरीतली ही ओळ मला अजून पाठ आहे.

ह्यांना फुप्फुसाचा कॅन्सर, तिसरी स्टेज, ऑपरेशन होण्यासारखं नाही. साताऱ्याहून येऊन पुण्यात नणंदेकडे राहिलो. तीस रेडिएशन आणि सोबत दर आठवड्याला केमो. ते सहा आठवडे ज्यांनी काढलेत त्यांना वेगळं सांगायला नको.

रेडिएशन संपल्यावर बाराव्या दिवशी सीटी स्कॅन झाला. गाठ निम्म्याने उतरली होती. डॉक्टर म्हणाले, “आता इम्युनोथेरपी सुरू करू. ड्युरव्हालुमॅब, वर्षभर.” मी खोदून विचारलं तेव्हा त्यांनी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पॅसिफिक’ चाचणीबद्दल सांगितलं. केमो-रेडिएशननंतर आजार वाढलेला नाही, अशांनाच तिच्यात घेतलं होतं, तेही रेडिएशन संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत. पाच वर्षांनी औषधवाल्यांपैकी शंभरात साधारण ४३ जण हयात होते, बाकीच्यांत ३३. म्हणजे आजार आटोक्यात असेल तरच हे औषध द्यायचं. आणि मेडिक्लेमवाले विचारतात, आटोक्यात आहे तर कशाला!

मी जन्मभर गणित शिकवलं. नणंदेच्या कालनिर्णयवर दुधाच्या लिटरांशेजारी मी दिवसांचे आकडे घालू लागले. १४व्या दिवशी पहिला डोस ठरला होता. त्या दिवशी ती क्वेरी आली. डॉक्टरांनी पत्र दिलं. १९व्या दिवशी दुसरी क्वेरी: चोवीस तासांचं ॲडमिशन का नाही? अहो, तासाभराचं सलाईन ते! २५व्या दिवशी तिसरी: पत्रावर शिक्का पुसट आहे. शिक्का पुसट! मी ते पत्र उन्हात धरून पाहिलं. रजिस्ट्रेशन नंबरातला शेवटचा आकडा तेवढा फिकट होता. विमा नियामकाच्या २०१९च्या नियमांत इंजेक्शनने द्यायची इम्युनोथेरपी वगळू नका, असं नावानिशी लिहिलं होतं. फार तर रकमेला मर्यादा घालता येत होती. ते छापून नेलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, “काकू, आम्ही फक्त फॉरवर्ड करतो.” ज्यांच्यावर ही वेळ यायची आहे त्यांना एवढंच सांगते, क्वेरी तोंडी ऐकून परत फिरू नका, लेखी घ्या.

३४व्या दिवशी मंजुरी आली. त्याच रात्री ह्यांचा खोकला वाढला. कोरडा, आणि जिना चढताना धाप. पुन्हा स्कॅन. रेडिएशनने फुप्फुसाला सूज आली होती, न्युमोनायटिस. “आता स्टिरॉइड. इम्युनोथेरपीनेही अशीच सूज येऊ शकते, ही उतरेपर्यंत थांबायचं,” डॉक्टर म्हणाले. मी कालनिर्णयचं पान पुढे केलं. ते हसले. “ताई, ४२ ही दुधाच्या पिशवीवरची तारीख नाही. चाचणीत कुणाला घ्यायचं त्याची अट होती ती.” १४ दिवसांच्या आत सुरू झालेल्यांचं त्या चाचणीत जास्त बरं दिसलं होतं, हे मी कुठूनतरी वाचलं होतं, तेही काढलं. ते म्हणाले, “लवकर सावरणारे मुळातच धडधाकट असतील, कुणास ठाऊक. आणि रेडिएशनसोबतच औषध देऊन पाहिलं, तर त्याने फायदा दिसला नाही.”

पहिला डोस ६१व्या दिवशी गेला.

नणंद म्हणाली, “बरंच झालं वहिनी, कंपनीने अडवलं. नाहीतर चौदाव्या दिवशी औषध गेलं असतं, वर ही सूज.” मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. पुसट शिक्क्याला कसले आलेत फुप्फुसाचे डोळे? पण रात्री ह्यांचा श्वास ऐकत पडले की वाटतं, खरंच बरं झालं असेल का. सकाळी पुन्हा त्या लोकांचा राग येतो.

परवा सातवा डोस झाला. साताऱ्याला निघताना नणंदेने कालनिर्णयचं ते पान फाडून दिलं, हिशोबाला लागेल म्हणून. दुधाचे २८ लिटर झालेत. माझे आकडे ४२ला थांबलेत, पुढचे मी लिहिलेच नव्हते.