पास्ट आणि क्लाप्ट

2024 मध्ये महाराष्ट्राचा जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार झाला. तेव्हापासून नर्सिंग झालेली आमची लेक जर्मन शिकतेय.

काल हापूसची कोय कलमं बांधत होतो. रोपाच्याच जाडीची डोळकाडी पाचरीसारखी तासून चिरेत बसवली. ती म्हणाली, "बाबा, पास्ट!" म्हणजे बरोबर बसला, चलात.

"आणि जमला, ह्येका काय म्हणतत?"

"क्लाप्ट. पण ता कोंब इल्यार!"

खरं आहे मंडळी. साल सालीला भिडली, पट्टी घट्ट बांधली, तरी कलमानं जीव धरला की नाही ते दोन-तीन आठवड्यांनी कोंब फुटल्यावरच कळतं.

तिच्या जाण्याला मी "पास्ट" म्हटलंय. क्लाप्ट मात्र ती तिकडे रुजल्यावर.