18 खाटांची वायर

15 नोव्हेंबर 2024च्या रात्री साडेदहाच्या सुमारास झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेजातल्या नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. त्या रात्रीच 10 बाळं दगावली. बाकीच्यांना खिडक्या फोडून बाहेर काढावं लागलं. चौकशीत घातपात आढळला नाही, स्विचबोर्डातला शॉर्टसर्किट हे कारण पुढे आलं. बातम्यांमध्ये दोन आकडे मात्र शेजारी शेजारी छापून आले होते आणि इमारती सांभाळणाऱ्या माणसाची नजर तिथेच अडकते. विभागाची क्षमता 18. दाखल बाळं 49.

डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे. पण 1968 साली सुरू झालेलं हे कॉलेज म्हणजे बुंदेलखंडातल्या गरिबाचा शेवटचा आधार. ललितपूर, जालौनहून, शेजारच्या मध्य प्रदेशातून निळं पडलेलं बाळ घेऊन माणसं येतात. त्यांना ‘खाट नाही’ म्हणून परत कुठे पाठवणार? मग एका वॉर्मरवर दोन बाळं झोपतात. बाळं वॉर्मर वाटून घेऊ शकतात, पण प्रत्येकाला मॉनिटर वेगळा लागतो, सिरिंज पंप वेगळा लागतो, ऑक्सिजनची सोय वेगळी लागते. प्रत्येक यंत्राला एक प्लग. डॉक्टर खाटा मोजतो, भिंतीतली वायर अँपिअर मोजते, आणि या दोन्ही मोजण्या एकाच कागदावर क्वचितच येतात.

वायरचा हिशोब तसा दहावीचाच आहे. तारेतून जाणारा प्रवाह दुप्पट झाला की तिच्यात निर्माण होणारी उष्णता चौपट होते. त्यात आपल्याकडे केबलची क्षमता भोवतालचं तापमान 40 अंश धरून ठरवतात. झाशीत 2024च्या मे महिन्याच्या अखेरीस पारा 49 अंशांवर गेला होता. 50 अंशांत साधी पीव्हीसी केबल तिच्या कागदावरच्या क्षमतेच्या जेमतेम 80 टक्के भार वाहू शकते. उन्हाळ्यात तापून तापून तिचं आवरण कडक होतं, तडकतं. ठिणगी मात्र मे महिन्यातच पडेल असं नाही. पुढे कधीही पडते.

कोणत्याही जुन्या आवारात जाऊन डीबीचं, म्हणजे वीज वाटणाऱ्या पेटीचं, झाकण उघडायला लावावं. 16 अँपिअरची एमसीबी सारखी ट्रिप होते, रात्रपाळीची सिस्टर वैतागते, वायरमनला बोलावणं जातं. तो 16ची काढून 32ची बसवतो. ट्रिपिंग थांबतं, सिस्टर आभार मानते. आतली वायर आधीचीच, अडीच चौरस मिलिमीटरची. एमसीबी ज्या वायरला वाचवण्यासाठी होती, ती आता उघड्यावर पडली. या बदलाची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही, कारण तक्रार ‘निकाली’ निघालेली असते. प्रस्तुत लेखकाच्या मते आपल्याकडच्या रुग्णालयांतला सर्वात धोकादायक माणूस म्हणजे असा तत्पर, कामसू, सगळ्यांचा लाडका वायरमन.

संशोधनाच्या इमारतींत हेच दुखणं आणखी बेमालूम असतं. प्रकल्प मंजूर झाला की यंत्र येतं. यंत्राची किंमत प्रकल्पात धरलेली असते, जागेची आणि विजेची नसते. उणे 80 अंशांचा जुना डीप फ्रीझर दिवसाला 15 ते 20 युनिटं खातो आणि ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत ओततो. म्हणून एसी वाढवावा लागतो. एसीने भार वाढतो. तरीही खोली तापतेच, मग फ्रीझर बाहेर कॉरिडॉरमध्ये येतो, म्हणजे नेमका आगीच्या वेळी पळायच्या वाटेवर. शेजारी निर्लेखनाची वाट बघणारी कपाटं असतातच. डेड स्टॉक रजिस्टरातून नाव कमी होईपर्यंत मोडकी खुर्चीसुद्धा हलवायची नाही, या नियमाने कित्येक मीटर कॉरिडॉर गिळलेला आहे.

जागा मोजायची रीतही चुकते. कोविडच्या काळात मेडिकल कॉलेजांनी घाईघाईने आरटी-पीसीआर लॅब उभ्या केल्या, तेव्हा ‘1000 चौरस फूट आहे, पुरेल’ असं सर्रास ऐकू यायचं. पण नमुना घ्यायची, आरएनए काढायची, मिश्रण तयार करायची आणि यंत्र चालवायची अशा जागा वेगळ्या लागतात, आणि माणसांची ये-जा एकाच दिशेने. शिवाय जंतूंशी काम होतं त्या खोलीतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी हवा, म्हणजे हवा आत शिरेल, बाहेर जाणार नाही. लाखो रुपयांची ही व्यवस्था दाराला वीट लावून ठेवली की संपली. वीट लावणाऱ्याचं म्हणणं एवढंच, की हात भरलेले असताना दार सारखं कोण उघडणार? म्हणणं रास्त आहे. दाराची जागा ठरवताना त्याला कोणी विचारलं नव्हतं.

जुनी वास्तू म्हणजे वाईट, असं मात्र नाही. परळची हाफकिन संस्था 1899 सालापासून गव्हर्नरांच्या जुन्या निवासस्थानात आहे. लशीसाठी वाल्डेमार हाफकिन प्लेगचे जंतू रश्श्यात वाढवत. वर तूप किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत असत आणि त्यांच्या खालून जंतूंचे झुपके लोंबत वाढायचे. धक्का लागला की ते तुटून तळाशी बसत. म्हणून वाढीच्या दिवसांत फ्लास्क अगदी स्थिर राहायला हवे असत. त्या कामाला उंच छताच्या, जाड भिंतींच्या, शांत दालनांइतकी चांगली जागा दुसरी कुठली मिळाली असती? काम आणि वास्तू यांचं जमलं होतं. तीच दालनं आजच्या डक्टला, जनरेटरच्या केबलला आणि फ्रीझरच्या रांगेला तितकी मानवणार नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

महाराष्ट्राने झाशीकडे बोट दाखवू नये. 9 जानेवारी 2021च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातही नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागून 10 बाळं गेली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरार, नोव्हेंबरमध्ये अहमदनगर. दोन्हीकडे आग अतिदक्षता विभागातच. भिंत बांधकाम विभागाच्या स्थापत्य शाखेची, वायर विद्युत शाखेची, यंत्र पुरवठादाराच्या देखभाल करारात, ऑक्सिजनची लाइन आणखी कोणाची. खोली मात्र एकच, आणि त्या एका खोलीचा एक मालक शोधून सापडत नाही.

झाशीत आग लागली तेव्हा त्याच आवारात 51 खाटांचा नवा शिशू अतिदक्षता विभाग तयार होत होता. आपल्याकडे इमारत उभी राहणं आणि ती वापरात येणं यांच्यात फायरची एनओसी, लिफ्टचा परवाना, वीजजोडणी, हस्तांतराच्या सह्या आणि उद्घाटनाची तारीख असं बरंच काही असतं. तोवर जुनी खोली सगळा भार सोसत राहते.

वाचकांपैकी कोणी एखाद्या रुग्णालयाच्या, कॉलेजच्या किंवा संशोधन संस्थेच्या समितीवर असेल, तर त्यांनी एक करावं. पुढच्या बैठकीत नव्या यंत्राच्या खरेदीचा कागद समोर आला की त्यावर विद्युत अभियंत्याची सही मागावी, आणि सहीशेजारी त्या खोलीचा आजचा मोजलेला भार. आकडा नसेल तर खरेदी पुढच्या बैठकीपर्यंत थांबवावी.