बुडीत खाते

मध्यमवर्गीय गृहस्थाचे छंद बहुधा कोरड्या जमिनीवरचे असतात. कोणी टपालाची तिकिटे जमवितो, कोणी गुलाबाची कलमे बांधतो, कोणी संध्याकाळी पेटी काढून शेजाऱ्यांची सहनशक्ती अजमावून पाहतो. अशा छंदांस घरातून फारसा विरोध होत नाही. परंतु वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर आम्ही पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून समुद्रात उतरण्याची विद्या शिकावयाचे ठरविले, तेव्हा घरात झालेल्या चर्चेचा निष्कर्ष असा निघाला की, या कामी जाणारा पैसा आरंभापासूनच बुडीत खात्यात लिहावा. हा शब्द आमच्या सौभाग्यवतींचा. त्या एका पतपेढीत हिशेबाचे काम पाहत असल्यामुळे त्यांनी तो विचारपूर्वकच वापरला असला पाहिजे.

त्यातील कोटी बाजूस ठेवली तरी आक्षेप खोटा नव्हता. ज्या घरात मुलीच्या महाविद्यालयाची फी आणि घराचा हप्ता एकाच आठवड्यात दारात उभे राहतात, तेथे केवळ स्वतःच्या आनंदासाठी किती खर्चावे यास काही सीमा हवीच. आणि या खेळात काटकसर भलत्या जागी झाली तर तोटा पैशाचा होत नाही, प्राणाचा होतो. तेव्हा खरा प्रश्न, काटकसर कोठे करावी आणि कोठे मुळीच करू नये, हा आहे. गेल्या तीन हंगामांत आम्हांस या प्रश्नाचे जे उत्तर सापडले, ते समानशील वाचकांच्या उपयोगी पडेल अशी आशा आहे.

या विद्येचा जन्मच मुळी टंचाईच्या दिवसांतला. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा एमिल गान्यान नावाच्या अभियंत्याने मोटारी दुसऱ्या वायूंवर चालाव्यात म्हणून, लागेल तेवढाच वायू सोडणारी एक झडप तयार केली होती. १९४३ साली नौदलातील अधिकारी झाक कुस्तो यांच्याबरोबर काम करताना तीच कल्पना पाणबुड्याच्या तोंडाशी आली. श्वास घेतला की हवा यावी, न घेतला की थांबावी, एवढीच ती युक्ती. तिने माणसाला वरच्या होडीतून येणाऱ्या नळीच्या बंधनातून सोडविले. ज्या यंत्राचा पाया काटकसर हा आहे, ते आपल्यासारख्यांना वर्ज्य का असावे?

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर पावसाळा सरल्यापासून मे महिन्यापर्यंत पुष्कळ पर्यटक बुडी मारतात. त्यांना सांभाळणारा जाणता तरुण सिलिंडर मागून धरून ठेवतो, आणि पर्यटक मासे पाहून वर येतो. हा अनुभव सुंदर आहे, पण पंगतीत पक्वान्न जेवणे वेगळे आणि स्वयंपाक येणे वेगळे. ज्याला स्वयंपाक शिकावयाचा असेल त्याने रीतसर शिक्षण घ्यावे. तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची यासाठी स्वतंत्र संस्था आहे. गोव्यास, मुरुडेश्वरास आणि अंदमानातही शिकविणारी केंद्रे आहेत. पॅडी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पहिल्या परवान्यासाठी दोनशे मीटर पोहणे, दहा मिनिटे पाण्यावर तरंगत राहणे, तलावातील पाठ आणि समुद्रातील चार बुड्या एवढे लागते, आणि तो मिळाला की अठरा मीटरपर्यंत जाण्याची मुभा असते. पुस्तकी भाग घरी बसून आधी पुरा करावा, म्हणजे किनाऱ्यावरील मुक्कामाचे दिवस वाढत नाहीत. आम्ही तो भाग मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून केला.

आता सामानाविषयी. दुकानाची यादी पाहिली तर सारेच आवश्यक वाटते. आमचा नियम साधा आहे: जे चेहऱ्यास आणि पायास बसावे लागते ते विकत घ्यावे, जे जड आहे आणि ज्याची निगा जाणत्याने राखावी लागते ते भाड्याने घ्यावे. म्हणून पहिली खरेदी मास्कची. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर ठेवावा आणि नाकाने हळूच श्वास ओढावा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर तो आपला, न राहिला तर कितीही महाग असला तरी परका. आमच्यासारख्या चष्मेवाल्यांस नंबराच्या काचा बसविलेले मास्क मिळतात. पाण्यात वस्तू एकतृतीयांशाने मोठ्या दिसतात, हा चष्मेवाल्यांवर निसर्गाने केलेला वेगळा उपकार. फिन्स आणि वेटसूट कोणी वापरलेले मिळाले तरी बिघडत नाही. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळविले की ते वर्षानुवर्षे टिकतात. सिलिंडर, जॅकेट आणि रेग्युलेटर यांची गोष्ट निराळी. सिलिंडरची ठरावीक मुदतीने दाबाची परीक्षा करावी लागते, रेग्युलेटर नेमाने उघडून साफ करून घ्यावा लागतो. वर्षातून आठ-दहा बुड्या मारणाऱ्याने ते विकत घेणे म्हणजे एका वरातीसाठी घोडा पाळणे होय. मात्र भाड्याने घेताना रेग्युलेटर शेवटचा केव्हा दुरुस्त झाला हे विचारण्यास संकोच करू नये. आपण भाजी निवडून घेतो. येथे तर श्वास घ्यावयाचा असतो.

या यादीत न येणारे आणि सर्वांत मोलाचे साधन म्हणजे संथ श्वास. त्याचे गणित मांडून दाखवितो. नेहमीच्या सिलिंडरमध्ये सुमारे अकरा लिटर जागेत दोनशे पट दाबाने हवा भरलेली असते; म्हणजे बावीसशे लिटर. पाव हिस्सा राखीव ठेवला की वापरावयास साडेसोळाशे उरते. दहा मीटरांवर दाब दुप्पट होतो, म्हणून प्रत्येक श्वासाला दुप्पट हवा खर्च होते. धास्तावलेला नवशिका मिनिटास पंचवीस लिटर हवा घेतो असे धरले, तर तेथे त्याचा साठा तेहतीस मिनिटांत संपेल. तोच शांत होऊन पंधरा लिटरांवर आला, तर पंचावन्न मिनिटे पुरेल. बावीस मिनिटांची ही मिळकत कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. हे गणित आम्ही सौभाग्यवतींपुढे ठेवले, तेव्हा आमच्या वहीतील एवढे एकच पान त्यांनी दुरुस्तीवाचून परत केले.

हा संथपणा केवळ मनाच्या निश्चयाने येत नाही, सरावाने येतो. बेळगावातील आम्ही चौघे मिळून रविवारी सकाळी तरणतलावाचा एक तास ठरवून घेतो आणि मार्गदर्शकाची फी वाटून घेतो. त्या तासात आम्ही फारसे काहीच करीत नाही. तळापासून हातभर उंचीवर, काहीही न धरता, स्थिर राहावयाचे, एवढेच. श्वास घेतला की अंग किंचित वर येते, सोडला की खाली जाते. नवशिके कमरेस गरजेपेक्षा अधिक शिसे बांधतात, मग ते पेलण्यासाठी जॅकेटात अधिक हवा भरतात, मग त्या फुगवट्याला ओढण्यात दमतात आणि पुन्हा हवा संपवितात. कर्ज फेडण्यासाठी कर्ज काढण्याचाच हा प्रकार. सराव वाढला तसतसे आमचे शिसे किलोकिलोने उतरत गेले. भरलेल्या सिलिंडरातील हवेचेच वजन अडीच किलोच्या घरात असते, आणि बुडीच्या अखेरीस तेवढे आपण हलके होतो, हे ध्यानात ठेवून शिसे ठरवावे लागते.

प्राणायामाची सवय असलेल्यांनी एक गोष्ट मात्र विसरावी. येथे कुंभकास सक्त मनाई आहे. दहा मीटरांवर भरलेली छाती श्वास रोखून वर आणली, तर आतील हवा दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुस फाटू शकते. पूरक आणि रेचक अखंड चालू ठेवणे हाच या विद्येतील पहिला धडा. आम्हांस शिकविणारा तरुण मच्छीमाराच्या घरातला; तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "काकानू, घाई कित्याक? पाणी खंय पळान जाता?" पुस्तकाच्या एका प्रकरणात जे आहे ते त्याने एका वाक्यात सांगितले.

आता जेथे काटकसर करू नये ती जागा. दुसऱ्या हंगामात तिसऱ्या दिवसाची बुडी दुपारी आटोपली, आणि आमच्या मंडळींपैकी एकांनी सुचविले की लगेच निघावे, रात्रीच्या जेवणास घरी पोहोचू. खोलीचे एका रात्रीचे भाडे वाचेल. सूचना हिशेबी होती. परंतु बेळगावचा रस्ता आंबोली घाटातून जातो. आंबोली सुमारे सातशे मीटर उंचीवर, बेळगाव त्याहून थोडे वर. दाबाखाली श्वासाबरोबर अंगात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो. लवकर उंचावर गेल्यास त्याचे बुडबुडे होऊन सांधे, मज्जारज्जू यांस इजा पोहोचते. जॉन स्कॉट हल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ साली वर येण्याची जी कोष्टके प्रसिद्ध केली, त्यांच्यामागे हेच तत्त्व होते. लागोपाठ दिवस बुड्या मारल्यावर विमान किंवा सहाशे मीटरांवरची उंची यांच्यापूर्वी अठरा तास थांबावे, असा सल्ला दिला जातो. आमच्या बुड्या उथळ होत्या, धोका अल्प होता. तरी आम्ही राहिलो. त्या रात्रीचे भाडे आम्ही सामानाच्या सदरातच लिहिले आहे.

इतके करून मिळाले काय, असे कोणी विचारील. गेल्या फाल्गुनात नऊ मीटरांवर एका खडकापाशी आम्ही कोणाच्या हाताचा आधार न घेता पाऊण तास होतो. तांबडा रंग तेथे जवळजवळ नाहीसा होतो. सारे निळसर, करडे. खडकावर पोवळ्याचे गड्डे होते. त्यांतील काही जाती वर्षाकाठी जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात, आणि अडाण्याच्या पायाच्या एका फटक्याने त्यांची वीस वर्षे मोडतात. त्याच खडकाच्या भरवशावर मासा राहतो, आणि माशाच्या व पाहुण्यांच्या भरवशावर आम्हांस शिकविणाऱ्या त्या तरुणाचे घर चालते. आम्ही त्या खडकास स्पर्श केला नाही, करण्याची गरज पडली नाही. रविवार सकाळच्या त्या निरुद्योगी तासांची किंमत आम्हांस तेथे कळली. ज्यास पाण्यात स्थिर राहता येते, त्यास हवा थोडी लागते, शिसे थोडे लागते, सामान थोडे लागते. आणि त्याच्या येण्याजाण्याने दुसऱ्या कोणाचे काही बुडत नाही.