अधांतरी फळी

वडिलांच्या पश्चात बालाघाटच्या घराची वाटणी झाली, तेव्हा वाटणीपत्राचा मसुदा आम्हीच केला. वकिलाच्या घरी दुसऱ्या वकिलाला बोलावणे प्रशस्त दिसले नसते. माडीवरचे दिवाणखान्याचे दालन मधोमध विभागायचे होते; परंतु खालच्या सागवानी तुळया जुन्या, त्यांच्यावर विटांच्या भिंतीचा भार घालणे धोक्याचे. म्हणून जिप्सम बोर्डाची भिंत उभी राहिली. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या उभ्या पट्ट्या दोन-दोन फुटांवर, आणि त्यांच्या दोन्ही अंगांना साडेबारा मिलिमीटर जाडीचे, कागदात गुंडाळलेल्या जिप्समचे पत्रे. आत पोकळी. भिंतीला कान असतात म्हणतात. या भिंतीला तर कानांखेरीज दुसरे काहीच नव्हते. धाकट्या बंधूंकडच्या दूरचित्रवाणीवरील बातम्या आम्हांस शब्दशः ऐकू येत आणि आमचा खोकला त्यांना. बोलणे मात्र दोन वर्षे बेताचेच होते.

वडिलांचा महाराष्ट्र शब्दकोश, सात भाग आणि पुरवणी, आमच्या वाट्यास आला होता. जुन्या भिंतीत त्याच्यासाठी कोनाडा होता. त्याला आमच्या घरात ‘आला’ म्हणत. हिंदीतील हा शब्द आमच्या मराठीत कधीचाच रुळलेला आहे. पुण्याहून आलेल्या एका सुनेला आईने ‘किल्ली आल्यात ठेव’ म्हणून सांगितले, तेव्हा ती बिचारी स्वयंपाकघरात जाऊन आले शोधू लागली होती. वाटणीत तो कोनाडा बंधूंकडे गेला आणि कोश आमच्याकडे राहिला. कागदावर ही वाटणी निर्दोष होती.

कोशासाठी सागवानाची तीन फूट लांब, दहा इंच रुंद फळी करविली. कंस दिसू नयेत, ही घरातील नव्या पिढीची फर्माईश. अशा फळीला बाजारात ‘फ्लोटिंग शेल्फ’ म्हणतात. ‘तरंगती फळी’ असे भाषांतर कोणी करील, पण ती पाण्यावर थोडीच आहे? अधांतरी फळी म्हणावे. ‘फळी’ हा शब्द संस्कृत ‘फलका’चा वंशज, नदीपलीकडच्या हिंदी बोलणाऱ्या पक्षकारास मात्र ‘फली’ म्हटले की शेंग आठवते.

काम करणारा कारागीर स्वतःस वाढई म्हणवितो. पुण्याकडचे लोक यास हिंदी ‘बढई’चा अपभ्रंश समजून नाक मुरडतात. वस्तुतः दोन्ही शब्द संस्कृत ‘वर्धकि’पासून आलेले सख्खे भाऊ आहेत आणि ‘सुतार’ हा ‘सूत्रधारा’चा. पूर्व विदर्भात आणि आमच्याकडे वाढई आहे, तो कोणाकडून उसना आणलेला नाही.

वाढईने विटांच्या भिंतीत ठोकतात तशाच प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या, त्यांत स्क्रू पिळले आणि फळी बसविली. गिट्टी म्हणजे रस्त्याची खडीही. भरीव भिंतीत ती खडीसारखीच घट्ट बसते, कारण स्क्रू आत शिरला की ती फुगते आणि विटेवर दाबली जाते. येथे दाबायला वीट कोठे होती? अर्धा इंच भुकटी आणि मागे हवा. आम्ही फळी जरा हालवून पाहिली. खुंटा हलवून बळकट करावा ही आपली म्हण मातीच्या जमिनीसाठी आहे; जिप्सममधला खुंटा हलविला की भोक तेवढे मोठे होते.

नवव्या दिवशी रात्री फळी कोशासह खाली आली.

नंतर आम्ही त्रैराशिक मांडले. आठ पुस्तकांचे वजन काट्यावर 14 किलो भरले. हे वजन भिंतीपासून सरासरी 5 इंच पुढे, आणि पट्टीवरील वरच्या व खालच्या स्क्रूंत अंतर अवघे 2 इंच. म्हणजे वरचे स्क्रू बाहेर ओढणारा जोर 35 किलोंचा. आणि त्यात खुद्द फळीचे वजन धरलेलेच नाही. कंस खाली लांब असता तर हीच ओढ कितीतरी कमी झाली असती. अदृश्यतेची किंमत अशी मोजावी लागते.

आवाज ऐकून बंधू दाराशी आले होते. ‘दादा, लागलं तर नाही न?’ एवढेच विचारून, खाली वाकून, पुरवणीचा सुटलेला पुठ्ठा त्यांनी उचलून आमच्या हाती दिला.

वाढईचे मत पडले की भिंत एका अंगाने उघडून दोन पट्ट्यांमध्ये सागवानाचा आडवा दांडा घट्ट कसावा आणि स्क्रू त्या दांड्यात जावेत. तेच शास्त्रशुद्ध होते. परंतु आमच्या अंगास विजेच्या तारा. उघडायचे तर बंधूंच्या बाजूने. आणि वाटणीपत्राच्या एका कलमान्वये ही भिंत सामाईक, तिच्यात दुसऱ्या पक्षाच्या संमतीवाचून कोणीही छेद घेऊ नये. कलम आमच्याच हातचे. ते लिहिताना बंधू खिळे ठोकतील अशी आम्हांस शंका होती, हे कबूल केले पाहिजे.

संमती मागण्यास गेलो. लेखी आणू का, असेही विचारून बसलो, पेशाची खोड. बंधू हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, ‘दांडा लावतोच आहे तर इकडूनही एक फळी लागू दे.’

दोन दिवस काम चालले. पट्ट्यांचे स्क्रू कोठे आहेत ते शोधण्यास पुतण्याने लोहचुंबक भिंतीवर फिरवले. जेथे चिकटे तेथे पेन्सिलीने खूण करी आणि पलीकडून टकटक करून आम्हांस सांगे, ‘बडे पापा, इथं.’ त्याची शाळा हिंदी. ‘मोठे बाबा’ त्याच्या तोंडी बसलेले नाही. मराठी अक्षरे मात्र त्याला वाचता येतात, लिपी एकच असल्यामुळे. ‘ळ’पाशी तो अडखळतो.

आता एकाच दांड्याला दोन्ही अंगांनी दोन फळ्या आहेत. सात किलो तिकडे, सात किलो इकडे. एकमेकींची ओढ त्या बरीचशी फेडतात. पहिले चार भाग बंधूंकडे ठेवले आहेत. आम्हांस ‘क’चा एखादा शब्द पाहावयाचा झाला की भिंतीवर टकटक करावी लागते, आणि पुतण्या पान काढून, ‘ळ’ आला की थांबत थांबत, पलीकडून अर्थ वाचून दाखवितो.